दवाखान्याच्या कागदावरची चोरी आणि तिची शिक्षा

काट्यावर उसाचा ट्रॅक्टर लागला की आपला सभासद पावती हातात पडल्याशिवाय जागचा हलत नाही. भरलेले वजन किती, रिकामे किती, हे तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. वजनात अर्धा क्विंटल इकडेतिकडे वाटले तर गट ऑफिसात जाऊन जाब विचारतो आणि वार्षिक सभेत उताऱ्याच्या दोन दशांश टक्क्यावरून तासभर भांडतो. हे चांगलेच आहे. सभासद भांडतात म्हणून काटा सरळ राहतो.

पण हाच सभासद घरातले माणूस आजारी पडले की धुळ्याच्या, जळगावच्या, नाशिकच्या, नाहीतर थेट सुरतेच्या दवाखान्यात लाख-दीड लाख मोजून येतो आणि परत येताना त्याच्या खिशात असते एक चिठ्ठी, तिच्यावर तीन ओळी. काय केले, कशासाठी केले, सरकारी योजनेतून किती आले आणि आपल्या पदरचे किती गेले, असे विचारले तर सांगतो, "डॉक्टरनी सांगितलं, आपण दिले." उसाच्या बिलावर उचल मागणारे जे अर्ज येतात, त्यांत दवाखान्याचे कारण लिहिलेले अर्ज काही थोडे नसतात. "आते काय करानं, भाऊ?" असे म्हणत अर्ज पुढे सरकवणाऱ्या माणसाला त्या वेळी हिशेब विचारणे जिवावर येते. म्हणूनच घरी सगळे धडधाकट असताना हा विषय वाचलेला बरा.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. डॉक्टर मंडळींवर राग धरून आम्ही हे लिहीत नाही. रात्री दोन वाजता दार उघडणारे डॉक्टर आपल्या तालुक्यांत आहेत आणि त्यांचे उपकार फिटणारे नाहीत. शिवाय इलाजात चूक होणे वेगळे आणि इलाजाच्या नावावर चोरी करणे वेगळे. कायदासुद्धा हा फरक करतो. नोंदणीकृत डॉक्टरच्या हातून निष्काळजीपणामुळे रोगी दगावला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद आहे. मुद्दाम खोटे बोलून पैसा काढला तर ती फसवणूक झाली. तिला कलम ३१८ लागते आणि सात वर्षांपर्यंत कैद व दंड होतो. १ जुलै २०२४ पूर्वीच्या गुन्ह्यांना जुने, सगळ्यांच्या तोंडी असलेले चारशेवीस कलम लागते. त्यातही कैद सात वर्षांचीच आहे.

आता ही चोरी चालते कशी, ते पाहू.

आपल्या खानदेशात सरकारी आरोग्य योजना फार लवकर आली. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातल्या फक्त आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि त्या आठांत धुळे जिल्हा होता. जळगावला ती पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २०१३ मध्ये, उरलेल्या जिल्ह्यांबरोबर मिळाली. २०१७ मध्ये तिचे नाव महात्मा ज्योतिबा फुले जन आरोग्य योजना झाले. त्या काळी दर कुटुंबाला वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती आणि पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेवाल्यांनाच ती मिळे. मराठवाडा-विदर्भातल्या चौदा जिल्ह्यांत पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही सवलत होती, पण त्या यादीत आपले जिल्हे नव्हते. त्यामुळे आपले पुष्कळ बागायतदार सभासद बाहेरच राहिले. जुलै २०२४ पासून मात्र कार्डाच्या रंगाचा प्रश्न मिटला आणि मर्यादा पाच लाखांवर गेली. म्हणजे आज जवळजवळ प्रत्येक सभासदाच्या नावावर दरवर्षी पाच लाखांचे एक खाते उघडे आहे. ते पैसे आपल्या हातात कधी येत नाहीत, परस्पर दवाखान्याकडे जातात. जिथे मालक पैसे पाहत नाही तिथे आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते.

चोरीचे प्रकार फार नाहीत. न केलेला इलाज केला म्हणून लिहायचा. साधा ताप असताना मोठा आजार दाखवायचा. योजनेत सगळे फुकट असताना "हे सामान योजनेत बसत नाही" म्हणून रोग्याकडून रोख घ्यायचे आणि योजनेकडूनही घ्यायचे. हा शेवटचा प्रकार आपल्याकडे सगळ्यांत जास्त ऐकू येतो. लोक त्याला चोरी म्हणतच नाहीत, "वरचे पैसे" म्हणतात. वास्तविक योजनेत तपासण्या, औषध, खाट, रोग्याचे जेवण आणि घरी परत जायचे एस.टी.चे किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडेसुद्धा धरलेले आहे. परतीचे भाडे मागून घेतलेला सभासद आम्हाला अजून भेटायचा आहे!

देशभरात हे किती माजले, ते महालेखापरीक्षकांच्या ऑगस्ट २०२३ च्या अहवालात आले. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेत सुमारे साडेसात लाख लाभार्थींपुढे एकच मोबाईल नंबर होता, नऊच्या आकड्याची दहा वेळा ओळ. सरकारचे उत्तर असे, की लाभार्थीची ओळख मोबाईलवरून पटवली जात नव्हती. ते मान्य करू. पण संगणकावर आधीच मृत दाखवलेल्या ३,४४६ रोग्यांवर पुढेही इलाज झाल्याचे दाखवून ६ कोटी ९७ लाख रुपये दिले गेले, त्याचे काय? मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, ते हेच. पुढे २०२५ च्या सुरुवातीला सरकारने संसदेत सांगितले, की १,११४ दवाखाने योजनेतून काढून टाकले, ५४९ निलंबित केले आणि १,५०४ दवाखान्यांना मिळून १२२ कोटी रुपये दंड ठोकला. आकडे मोठे दिसतात. पण यादीतून काढणे, निलंबन आणि दंड ही तर व्यवहारातली शिक्षा झाली. साखर चोरणाऱ्याला आपण नुसते "उद्यापासून गोडाऊनवर येऊ नको" म्हणून सोडतो काय? फौजदारीचा रस्ता कायद्यात आहे, पण त्या रस्त्याने जायला फिर्यादी लागतो आणि फिर्यादीच्या हातात कागद लागतो.

पैसा गेला तर माणूस पुन्हा कमावतो, पण ही चोरी अंगावरही येते. आपल्या शेजारच्या गुजरातेतली गोष्ट घ्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये मेहसाणा जिल्ह्याच्या कडी तालुक्यातल्या बोरीसणा गावात अहमदाबादच्या ख्याती हॉस्पिटलने मोफत तपासणी शिबिर घेतले. तिथून १९ जणांना बसवून अहमदाबादला नेले. सात जणांच्या हृदयाच्या नळीत स्टेंट घातले आणि त्यांतले दोघे दगावले. योजनेचे पैसे काढण्यासाठी गरज नसताना, नातेवाइकांना नीट न सांगता हे केले, असा आरोप ठेवून पोलिसांनी फसवणुकीबरोबर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल केला. खेडे असेच, माणसे अशीच शेतकरी. मोफत शिबिराची गाडी दारात आली तर आपणही चढतो. चढू नये असे आम्ही म्हणत नाही. शिबिरांत मोतीबिंदू निघून कितीतरी म्हाताऱ्यांना दिसायला लागले आहे. पण तपासणीसाठी गेलेल्या माणसाचे त्याच दिवशी ऑपरेशन ठरते तेव्हा घरच्यांनी एक दिवस मागून घ्यावा.

बीडच्या बायकांचा विषय तर थेट आपल्या धंद्याचा आहे. २०१९ मध्ये ऊसतोड करणाऱ्या महिलांच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनांचा गवगवा झाला, तेव्हा सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली निघाली. म्हणजे दर सहा बायकांमागे एक! त्यांतल्या पुष्कळ जणी तरण्या होत्या. पांढरे जाते, पोटात दुखते म्हणून दवाखान्यात गेल्या आणि "पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल" असे ऐकून आल्या. इकडे कामावर खाडा झाला तर मुकादम पैसे कापणार. फडात आडोसा नाही, पाणी नाही. मग मुकादमाकडूनच उचल घ्यायची, पिशवी काढून टाकायची आणि ते कर्ज कोयत्याने फेडायचे. यात डॉक्टरचे पाप किती आणि आपण जी तोडणीची रीत चालवली तिचे पाप किती, याची वाटणी करायला बसलो तर आपल्या वाट्याला शून्य येणार नाही. आपल्याकडे तोडणीला येणाऱ्या टोळ्या आणि साक्री, नंदुरबारकडून गुजरातच्या कारखान्यांवर जाणाऱ्या टोळ्या, दोन्हींतल्या बायकांची तऱ्हा एकच आहे.

इथे कायद्याचा एक मुद्दा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. "तिने अंगठा दिला होता" असे म्हणून डॉक्टर सुटतोच असे नाही. भीती घालून किंवा खोटे सांगून घेतलेली संमती ही कायद्याने संमतीच नव्हे. पूर्वी हे दंडविधानाच्या कलम ९० मध्ये होते, आता न्याय संहितेच्या कलम २८ मध्ये आहे. जानेवारी २००८ मध्ये समीरा कोहली यांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की तपासणीसाठी दिलेली संमती गर्भाशय काढण्यासाठी चालत नाही. जीव तातडीने धोक्यात असेल तर गोष्ट वेगळी, एरवी त्या-त्या ऑपरेशनची वेगळी, समजावून घेतलेली संमती पाहिजे. एप्रिल २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने बिहार, राजस्थान, छत्तीसगडमधल्या अशाच ऑपरेशनांच्या अर्जावर सर्व राज्यांना केंद्राच्या सूचना तीन महिन्यांत लागू करायला सांगितले. दोषी दवाखान्यांना काळ्या यादीत टाकण्याचेही त्यात आले. बीडमध्ये तर २०१९ च्या प्रकरणानंतर खासगी दवाखान्याला गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागू लागली. त्या एका कागदाने किती पिशव्या वाचल्या असतील, कोण जाणे.

औषधातली भेसळ हा तिसरा भाग, आणि शिक्षा सगळ्यांत कडक आहे ती इथेच. बोगस खत आपल्याला नवीन नाही. गोणीवर १०:२६:२६ आणि आत मातीचे खडे. औषधांतही तेच चालते. मार्च २०२३ मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या कळमेश्वरच्या सरकारी रुग्णालयातून तपासायला नेलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्यांत औषधच नव्हते. सप्टेंबर २०२४ मध्ये नागपूर ग्रामीण पोलिसांनी सुमारे बाराशे पानांचे दोषारोपपत्र ठेवले. त्यानुसार टाल्कम पावडर आणि स्टार्च दाबून केलेल्या या गोळ्या हरिद्वारच्या एका जनावरांच्या औषधांच्या प्रयोगशाळेत बनल्या होत्या आणि त्या अनेक राज्यांतल्या सरकारी दवाखान्यांत गेल्या होत्या. जंतू मारणारी गोळी म्हणून रोग्याने तोंडाला लावायची पावडर गिळली आणि दोष मात्र गेला नशिबाकडे.

त्याहून वाईट प्रकार मुंबईत १९८६ च्या सुरुवातीला झाला. जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले चौदा रोगी दगावले. ते ग्लिसरीन कारखान्यात वापरायच्या जातीचे होते आणि त्यात डायएथिलीन ग्लायकॉल नावाचे विष होते. चवीला गोड, दिसायला तसेच चिकट. आपल्या आसवनीतले कारखान्यासाठीचे स्पिरिट आणि पिण्याचे स्पिरिट नुसत्या डोळ्यांनी कोणाला ओळखता येते? मूत्रपिंडाला मात्र ते ओळखता येते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीच्या टेबलापासून मंत्र्यांच्या खोलीपर्यंत सगळ्यांचे वाभाडे काढले आणि आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पायउतार व्हावे लागले. एवढे होऊन सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये, म्हणजे एकोणचाळीस वर्षांनी, आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यातली वीसहून अधिक लेकरे खोकल्याच्या औषधाने गेली. त्यांतली कितीतरी नागपूरच्या दवाखान्यांत आणलेली होती. तामिळनाडूत बनलेल्या त्या बाटलीत तेच विष निघाले, जवळजवळ निम्मे.

कायदा औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० हा आहे. त्याचे कलम २७ पूर्वी मऊ होते. २००३ मध्ये डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने बनावट औषधाने जीव घेणाऱ्याला फाशीपर्यंत शिक्षा असावी असे सुचवले होते. फाशी आली नाही, पण २००८ ची दुरुस्ती १० ऑगस्ट २००९ पासून लागू झाली. आता भेसळीच्या किंवा बनावट औषधाने माणूस मेला किंवा त्याला जबर इजा झाली तर कमीत कमी दहा वर्षे, जास्तीत जास्त जन्मठेप. दंड कमीत कमी दहा लाख रुपये किंवा जप्त मालाच्या तिप्पट, यांत जो जास्त असेल तो. हा दंड रोग्याला किंवा त्याच्या वारसाला द्यायचा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. कोणाला इजा झाली नाही तरी नुसते बनावट औषध करण्या-विकण्याला कमीत कमी सात वर्षे आणि तीन लाख. परवान्याशिवाय औषध विकले तर तीन ते पाच वर्षे आणि कमीत कमी एक लाख.

मात्र एक खोच आहे. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की या कायद्याखालच्या अशा गुन्ह्याचा खटला पोलिसांनी भरायचा नाही. तो औषध निरीक्षकाने, सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने, नुकसान झालेल्या माणसाने स्वतः किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संस्थेने भरायचा. म्हणून औषधाची शंका आली तर ठाण्यात हेलपाटे घालू नका. अन्न व औषध प्रशासनाचे कार्यालय जळगावलाही आहे आणि धुळ्यालाही आहे. त्यांचा फुकटचा नंबर १८००२२२३६५.

बोगस डॉक्टरविषयी थोडक्यात. तापी-पांझरेच्या काठची गावे काय किंवा सातपुड्याच्या पायथ्याचे पाडे काय, तिथे पिशवीत सुई घेऊन फिरणारा माणूस लोकांना देवासारखा वाटतो, कारण दुसरे कोणी येतच नाही. पण महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ च्या कलम ३३ प्रमाणे नोंदणी नसताना व्यवसाय केला तर पहिल्याच गुन्ह्याला दोन ते पाच वर्षे सक्तमजुरी आहे आणि दंडही आहे. केंद्राच्या २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अशांचा शोध घेणारी समिती जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या हाताखाली असते. अर्ज तिकडे करावा.

आपल्याकडे "आरोग्यसेवेतली फसवणूक" या नावाचे वेगळे कलम नाही, हे एव्हाना वाचकांच्या ध्यानात आले असेल. इथले एक, तिथले एक असे जमवून खटला उभा करावा लागतो. अमेरिकेत तसे कलम १९९६ पासून आहे. साधी फसवणूक दहा वर्षे, रोग्याला गंभीर इजा झाली तर वीस, मृत्यू झाला तर जन्मठेपेपर्यंत. मिशिगन राज्यातल्या फरीद फाता नावाच्या कॅन्सरच्या डॉक्टरने पैशासाठी साडेपाचशेहून अधिक रोग्यांना नको ती औषधे टोचली. कित्येकांना कॅन्सर नव्हताच. २०१५ मध्ये त्याला पंचेचाळीस वर्षांची शिक्षा झाली. त्याची खबर दिली ती त्याच्याच दवाखान्याच्या व्यवस्थापकाने. तिथे सरकारची लूट उघड करणाऱ्याला वसुलीतला वाटा देण्याचा कायदा १८६३ पासून आहे. आपल्याकडे खबर देणाऱ्याला वाटा मिळत नाही, उलट गावकीतले वैर पदरी येते.

आणि एक कडू गोष्ट. या चोरीत कधी कधी आपलाही हात असतो. "कार्ड दे, दोन दिवस झोपून राहा, पाच हजार घे" असे सांगणारा एजंट येतो आणि आपला माणूस झोपतो. भावाच्या कार्डावर मेव्हण्याचे ऑपरेशन होते. खोट्या कागदावर सही-अंगठा देणारा हा साक्षीदार राहत नाही, आरोपी होतो. कलम ३१८ त्यालाही लागते आणि कागद बनावट असेल तर बनावटगिरीचे कलम वेगळे. शिवाय त्या वर्षातल्या पाच लाखांतून रक्कम कापली गेलेली असते. खरोखर हार्ट अटॅक येतो तेव्हा खात्यात काही उरलेले नसते. पाच हजारांच्या लोभात बाप गमवायचा, हा कुठला हिशेब?

तेव्हा दवाखान्यात गेल्यावर पहिल्यांदा योजनेच्या टेबलावरच्या आरोग्यमित्राला भेटावे आणि आपल्या नावावर कशाची मंजुरी मागितली आहे ते मराठीत वाचून घ्यावे. पैसे मागितले तर पावती मागावी. पावती म्हणताच पुष्कळदा मागणी मागे घेतली जाते. दवाखाना योजनेत नसला तरी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावणे २०२१ च्या नियमांप्रमाणे खासगी दवाखान्यांना सक्तीचे आहे. इलाजाचे कागद मागितल्यापासून ७२ तासांत द्यावे लागतात. ते आपले आहेत, डॉक्टर ते मेहरबानी म्हणून देत नाहीत. योजनेची तक्रार १५५३८८ किंवा १८००२३३२२०० या नंबरवर होते, केंद्राच्या योजनेची १४५५५ वर. फोन करताना तारीख आणि ज्याच्याशी बोललो त्याचे नाव डायरीत लिहून ठेवावे. तोडणीच्या टोळ्यांतल्या बायाबापड्यांना हे नंबर माहीत नसतात. चिटबॉयने फडात स्लिप देताना ते सांगितले तर त्याचे काही जाणार नाही.

औषध घेताना बिल घ्यावे आणि बिलावरचा बॅच नंबर पट्टीवरच्या नंबराशी जुळतो का ते दुकानातच पाहावे. शंका आली तर त्या कायद्याच्या कलम २६ प्रमाणे कोणालाही ठरलेली फी भरून आपण विकत घेतलेले औषध सरकारी विश्लेषकाकडे तपासायला देता येते आणि त्याचा सहीचा अहवाल मिळतो. त्यासाठी न फोडलेली पट्टी आणि बिल दोन्ही लागतील, म्हणून उरलेल्या गोळ्या रागाने उकिरड्यावर फेकू नयेत.